रणगाड्याची फेरतपासणी

शनिवारी सकाळी सव्वासात वाजता बायकोने सँडलचा पट्टा लावता लावता तीन सूचना दिल्या. गॅस बंद आहे का ते एकदाच बघायचं, चारदा नाही. कुंड्यांना पाणी घालायचं, पण त्यांचा हौद करायचा नाही. तिसरी सूचना तिला दोन जिने उतरल्यावर आठवली आणि ती सांगायला ती बॅग घेऊन परत वर आली.

"अहो, रणगाड्याला हात लावू नका. पुस्तकाचं काय करायचं ते मी सोमवारी बघते."

इन्स्पेक्टरांनी मान हलवली. मान हलवणं म्हणजे शब्द देणं नव्हे, हे तेहेतीस वर्षांच्या नोकरीत शिकलेलं तत्त्व त्यांनी निवृत्त झाल्यावरही सोडलं नव्हतं. बायको शेजारच्या गावात दोन दिवसांचा विणकामाचा वर्ग घ्यायला निघाली होती. ती रविवारी संध्याकाळी पाचला परत येणार होती. म्हणजे हातात चौतीस तास होते, हे त्यांनी ती कोपऱ्यावर वळायच्या आत मनाशी मोजून ठेवलं.

इन्स्पेक्टर म्हणजे पोलिसातले नव्हेत. ते लिफ्ट तपासायचे. जीव टांगणीला लागणं हा इतरांसाठी नुसता वाक्प्रचार असतो, इन्स्पेक्टरांचं ते रोजचं काम होतं. दोर, ब्रेक, दारं, सगळं तपासून लिफ्ट पास झाली की ते सर्टिफिकेट द्यायचे आणि ते लिफ्टमध्ये काचेच्या चौकटीत लागायचं. एखादा भाग नापास झाला की त्याला लाल पट्टी बांधायची, तो उतरवायचा, आणि पुन्हा कोणी गुपचूप वापरू नये म्हणून आपल्या डोळ्यांसमोर मोडून टाकायचा. लाल म्हणजे बाद. त्यात चर्चेला जागा नव्हती. या धंद्याने त्यांचा स्वभाव असा करून ठेवला होता की स्वतः न तपासलेल्या लिफ्टमध्ये ते पाय ठेवत नसत. त्यांच्या इमारतीतली लिफ्ट ते निवृत्त झाल्यावर बसली होती, त्यामुळे गेली चार वर्षं ते चौथ्या मजल्यावर जिन्याने जात-येत होते.

रणगाडा म्हणजे त्यांच्या ऑफिसच्या नकाशा विभागातला जुना, दणकट कॉम्प्युटर. ऑफिसने तो मोडीत काढला तेव्हा इन्स्पेक्टरांनी रीतसर अर्ज करून मिळवला आणि जिन्याने वर आणला. सतरा किलोचा पत्र्याचा डबा, वर उचलायला कडी, आणि सुरू झाला की पंख्याचा असा घरघराट की खालच्या मजल्यावरच्यांना इन्स्पेक्टर घरी आहेत की नाहीत ते कळावं. बायको त्यावर विणकामाचे नमुने काढत असे. चौकटीचौकटींचा तक्ता, प्रत्येक चौकट म्हणजे एक टाका. सहा वर्षं खपून तिने चोवीस स्वेटरांचे चोवीस नमुने तयार केले होते आणि त्यांचं पुस्तक निघायचं होतं. सोमवारी सकाळी अकरापर्यंत नमुने प्रकाशिकेच्या हातात पडले नाहीत, तर छापखान्याची पाळी जाणार आणि पुस्तक पुढच्या वर्षावर ढकललं जाणार, असं प्रकाशिकेने गोड आवाजात दोनदा सांगितलं होतं.

अडचण एवढीच होती की नमुने ज्यात घालून द्यायचे ते प्रकाशिकेकडचं नवं सॉफ्टवेअर नव्या सिस्टिमवरच चालायचं, आणि नवी सिस्टिम रणगाड्याला घरात घ्यायला तयार नव्हती. शुक्रवारी बायकोने प्रयत्न करून बघितला तेव्हा पडद्यावर स्वच्छ शब्दांत आलं, "हा संगणक या प्रणालीसाठी पात्र नाही." बायकोने एक सुस्कारा सोडला, "असू दे," म्हणाली आणि कणीक मळायला गेली. पण तो सुस्कारा इन्स्पेक्टरांच्या जिव्हारी लागला. शिवाय ते वाक्यही लागलं. पात्र नाही म्हणजे काय? कोणी उघडून बघितलं? कोणी चालवून बघितलं? नुसतं जन्मसाल विचारून बाद? त्यांनाही अठ्ठावन्नाव्या वर्षी असंच बाद केलं होतं, आदल्याच दिवशी ते चौदा मजले न थांबता चढले होते तरी. बायको परत यायच्या आत रणगाडा पास करून दाखवायचा, असं त्यांनी शुक्रवारीच ठरवून टाकलं होतं.

साडेआठला ते जिना उतरून तळमजल्यावर दातांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. बाईंनी आपल्या दवाखान्यातल्या म्हाताऱ्या कॉम्प्युटरवर हीच सिस्टिम स्वतः बसवली होती, आणि रोग्यांची तोंडं उघडी असताना त्या ती हकिगत सांगत. त्यांनी एक पेन ड्राइव्ह दिला आणि काय काय करायचं ते कागदावर लिहून दिलं. तिसऱ्या ओळीवर इन्स्पेक्टर अडखळले. तिथे लिहिलं होतं, 'पात्रतेची तपासणी वगळणे.'

"तपासणी वगळायची?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"तीच तर युक्ती आहे, काका. ती मशीनच्या वयाची चौकशी करते. तो प्रश्नच विचारू द्यायचा नाही."

इन्स्पेक्टरांनी कागद खाली ठेवला. लिफ्टच्या दाराच्या कुलपाला तारेचा तुकडा लावून तपासणी चुकवणारी माणसं त्यांनी जन्मभर पकडली होती. अशा एका सोसायटीच्या सेक्रेटरीला तर त्यांनी भर सभेत रडवलं होतं. आता तीच तार स्वतःच्या हाताने लावायची म्हणजे काय. ते सगळं त्यांनी बाईंना समजावून सांगितलं. खुर्चीतला रोगीही तोंड उघडं ठेवून ऐकत होता.

बाई म्हणाल्या, "काका, मशीन धडधाकट असेल आणि नियम नुसता वयाचा असेल, तर चूक कोणाची?"

हे उत्तर इन्स्पेक्टरांना इतकं पटलं की ते चारही मजले एका दमात चढून गेले.

काम मात्र त्यांनी रीतीने केलं. आधी नमुन्यांची नक्कल काढून ठेवायची. पडद्यावर 'पुस्तक' नावाच्या पिवळ्या फाइलचं चित्र होतं, कोपऱ्यात एक बारीकसा बाण असलेलं. बायको रोज त्याच्यावरच टिचकी मारून काम करायची. इन्स्पेक्टरांनी ते चित्र उचलून आपल्या छोट्या पेन ड्राइव्हवर ठेवलं. सहा वर्षांचं काम एका सेकंदात पलीकडे गेलं. रणगाडा म्हणतात तो उगीच नाही, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी त्याच्या पत्र्यावर दोनदा थोपटलं. दुसरं कोणी असतं तर एवढ्यावर समाधान मानलं असतं. पण दुधाने तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, म्हणून त्यांनी आणखी एक नक्कल काढली. तीही एका सेकंदात निघाली.

मग त्यांनी पत्रा उघडला. आतली धूळ पुसायला अर्धा तास गेला. प्रत्येक स्क्रू त्यांनी कागदावर आकडा घालून ठेवला. धूळ गेल्यावर दिसलं की आत एकावर एक अशा दोन हार्ड डिस्क आहेत, आणि वरच्या डिस्कच्या खाचेतून लाल लोकरीचा एक तुकडा ओवून त्याची नीट गाठ मारलेली आहे.

इन्स्पेक्टर गुडघ्यांवर बसून त्या गाठीकडे बघत राहिले. गेल्या आठवड्यात दुरुस्तीवाला येऊन गेला होता, ते तेव्हा वीजबिलाच्या रांगेत होते. म्हणजे त्याने डिस्क नापास केली होती. पट्टी नव्हती म्हणून बिचाऱ्याने बायकोच्या टोपलीतली लोकर घेतली असणार. कोणीतरी आपल्यासारखं शिस्तीने काम करणारं या जगात उरलं आहे, हे पाहून त्यांना भरून आलं. त्याच वेळी थरकापही झाला, कारण बाद झालेला भाग आठवडाभर चालत्या यंत्रात बसून होता आणि बायको त्याच्यासमोर रोज निर्धास्त बसत होती.

त्यांनी ती डिस्क तत्काळ उतरवली. नियमाप्रमाणे ती लगेच मोडायला हवी होती. भोकं पाडली की काम झालं असतं. पण त्यांचं ड्रिल मशीन मेहुण्याने एका पडद्याच्या दांडीसाठी नेलं होतं, त्याला आठ महिने झाले होते. म्हणून त्यांनी डिस्क वर्तमानपत्रात गुंडाळली, वर 'बाद – वापरू नये' असं लिहिलं, सही केली, तारीख घातली आणि बाल्कनीतल्या खोक्यात ठेवली.

उरलेल्या डिस्कवर नवी सिस्टिम चढवायला दिवस गेला. बाईंनी लिहून दिल्याप्रमाणे त्यांनी सगळं पुसायला परवानगी दिली. दोनदा विचारलं गेलं, दोनदा होय म्हटलं. शहाऐंशी टक्क्यांवर गाडी येऊन थांबली ती पन्नास मिनिटं हलेना. दोन मजल्यांच्या मध्ये अडकलेल्या लिफ्टमधल्या माणसांना ते नेहमी सांगायचे की शांत रहा, उड्या मारू नका, दार ओढू नका. आता तेच ते स्वतःला सांगत होते आणि खोलीत येरझाऱ्या घालत होते. कुंड्यांना त्या भरात तीनदा पाणी घातलं गेलं. पावणेपाचला घरघराट एकदम खाली आला, पडदा निळा झाला आणि त्यावर लिहून आलं, 'नमस्कार.'

इन्स्पेक्टरांनी उठून उभं राहून नमस्कार केला. मग त्यांनी छोटा पेन ड्राइव्ह लावला, 'पुस्तक' या चित्रावर टिचकी मारली आणि हाताची घडी घालून नमुने उघडायची वाट पाहू लागले.

पडद्यावर आलं, "आपण शोधत असलेली जागा अस्तित्वात नाही."

त्यांनी दुसरी नक्कल उघडली. तिचंही तेच म्हणणं होतं.

पंधरा मिनिटांनी ते तळमजल्यावर बाईंच्या समोर होते. बाईंनी पेन ड्राइव्ह बघितला, मग इन्स्पेक्टरांकडे बघितलं, आणि दात काढावा लागेल हे सांगताना वापरायच्या आवाजात बोलू लागल्या. ती फाइल नव्हती. ती फाइलकडे जायची नुसती पाटी होती, तो बाण त्याचीच खूण. घर सोडून घराच्या पाटीची नक्कल काढली होती, तीही दोन वेळा.

"आणि घर?"

"त्या डिस्कवर असेल तर गेलं, काका. सगळं पुसून वर नवीन लिहिलंय. काढलेली दाढ परत रुजत नाही." बाई थांबल्या. "आत एकच डिस्क होती ना?"

"दुसरी होती, पण बाद होती."

"बाद कशावरून?"

"लाल होती," इन्स्पेक्टर म्हणाले. पंचांनी दिलेला निकाल सांगावा तसं त्यांनी सांगितलं. बाई आणखी काही विचारणार होत्या, पण आतल्या खुर्चीतून कण्हण्याचा आवाज आला आणि त्या हातमोजे चढवत आत गेल्या.

ती रात्र कशी गेली ते सांगण्यात अर्थ नाही. बायकोला फोन करायचं त्यांनी सात वेळा ठरवलं. एकदा लावलाही. ती म्हणाली, वर्ग छान चाललाय, बायका पुस्तक कधी येणार म्हणून विचारतायत, तुम्ही गॅस बघितला का. ते म्हणाले, बघितला. पुढचं वाक्य न बोलताच त्यांनी फोन ठेवला. करायला गेलो एक आणि झालं भलतंच, एवढं साधं वाक्य होतं. पण सहा वर्षं ती रोज दुपारी चष्मा कपाळावर सरकवून त्या चौकटी भरताना त्यांनी पाहिली होती, त्यामुळे ते साधं वाक्य त्यांना बोलता येईना.

रविवारी पहाटे चहा ओतताना त्यांना आपल्या बाहीकडे बघून मार्ग दिसला. नमुने गेले, पण स्वेटर होते. प्रत्येक नमुना बायकोने आधी विणून बघितला होता आणि तो स्वेटर नात्यागोत्यात आणि शेजारीपाजारी वाटला होता. कोणता कोणाला, हे तिच्या वहीत लिहिलेलं होतं. टाके मोजले की तक्ता परत काढता येणार होता. चोवीसपैकी अकरा स्वेटर याच शहरात होते. दोर तपासायचं भिंग घरात होतं. दोरातल्या हजार तारांमधून तुटलेली एक शोधणाऱ्या माणसाला टाके मोजणं काय जड आहे, असं म्हणून त्यांनी मोठी पिशवी घेतली.

साडेसातला ते मेहुण्याच्या दारात उभे राहिले. वहीप्रमाणे त्या घरात चार स्वेटर होते. थंडी चांगलीच होती आणि चारांपैकी एक मेहुण्याच्या अंगावरच होता.

"तो काढ," इन्स्पेक्टर म्हणाले.

"आत तरी या, भाऊजी."

"वेळ नाही. तपासणी आहे."

मेहुण्याचा चेहरा पडला. हा सगळा बहाणा आहे, भाऊजी खरं तर ड्रिल मशीन मागायला आले आहेत आणि तोंडावर मागायला संकोचतात, अशी त्याने स्वतःची समजूत करून घेतली. त्याने आत जाऊन मुकाट्याने ड्रिल मशीन आणलं, पिशवीत ठेवलं आणि माफी मागितली. इन्स्पेक्टरांनी ड्रिल घेतलं आणि तरीही स्वेटरकडे बोट दाखवलं. तेव्हा मात्र त्याला काही समजेना. त्याने थंडीत कुडकुडत स्वेटर उतरवला आणि उरलेले तीन आपल्या बायकोच्या कपाटातून काढून दिले. बहिणीच्या घरात नक्की काय चाललं आहे, हे विचारायचं धैर्य त्याला झालं नाही.

जिन्यात इन्स्पेक्टरांनी स्वेटर उलटे करून पाहिले आणि त्यांना वाईट वाटलं. चारही स्वेटरांच्या आतल्या बाजूला, खालच्या काठाशी, लाल लोकरीची छोटी गाठ होती.

ही गाठ त्यांच्या ओळखीची होती. तशीच एक त्यांच्या स्वतःच्या स्वेटरलाही होती. बायकोने तो अकरा वर्षांपूर्वी दिला, तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांना ती दिसली होती आणि ते काय समजायचं ते समजले होते. काहीतरी चुकलं असणार, माल बाद झाला असणार, आणि बाद माल घरच्यांनी वापरायचा ही सगळ्याच धंद्यांची रीत आहे. त्यांना थोडं लागलं होतं, पण ते बोलले नव्हते. गाठ आत दुमडून ते अकरा हिवाळे तो स्वेटर घालत आले होते. मात्र सख्ख्या भावालाही चारच्या चार बाद स्वेटर द्यावेत, हे त्यांना जरा जास्त वाटलं.

थोरल्या बहिणीकडे दोन स्वेटर होते. ती दारातच म्हणाली, "तुला रिटायर होऊन चार वर्षं झाली. लिफ्ट संपल्या म्हणून आता बायकोचे स्वेटर तपासतोस?"

"जरा मोजमाप घ्यायचंय, ताई. संध्याकाळी आणून देतो."

"मोजमाप माझं घे, स्वेटरचं काय घेतोस. गेल्या वर्षीपासून बटण लागत नाही."

ताईच्या स्वेटरची गाठ तिला दिसू नये म्हणून त्यांनी तिच्यावर अंगठा दाबून धरला आणि तसेच ते जिना उतरले. बाकीच्या दोन घरांतून तीन मिळाले, एक डॉक्टरीणबाईंनी खुर्चीच्या पाठीवरून काढून दिला, आणि एक त्यांच्या अंगावर होता. अकराच्या अकरा लाल.

दहाला ते टेबलाशी बसले. एका हातात भिंग, एका हातात पेन्सिल, समोर चौकटीचे कागद. सुलट टाक्याला रेघ, उलट टाक्याला टिंब. पहिली ओळ सरळ गेली. पाचव्या ओळीत पीळ आला, म्हणजे तीन टाके मागून पुढे आले आणि कुठून आले ते सांगायला तयार होईनात. मेहुण्याचा कोपर जिथे टेबलावर टेकायचा तिथे टाके झिजून एकमेकांत मिसळले होते. बाराला एका बाहीचा पाव भाग झाला होता. दीडला त्यांनी हिशोब केला. याच वेगाने अकरा स्वेटर व्हायला तीन महिने लागणार होते, आणि उरलेले तेरा परगावी होते. बायको साडेतीन तासांत येणार होती.

त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. खोलीभर रिकामे स्वेटर हात पसरून पडले होते. रणगाडा एका कोपऱ्यात नव्या सिस्टिमवर सुरळीत घरघरत होता, त्याला काही घेणंदेणं नव्हतं. इन्स्पेक्टरांना त्या क्षणी कळून चुकलं की ऑफिसने आपल्याला अठ्ठावन्नाव्या वर्षी घरी पाठवलं ते काही फार चुकलं नव्हतं. तपासणी चुकवून पास केलेलं यंत्र शेवटी कोणाच्या तरी जिवावर उठतंच, आणि इथे ते बायकोच्या सहा वर्षांवर उठलं होतं. त्यांनी तिला काय सांगायचं ते कागदावर लिहून काढलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. चार वाजून गेले तेव्हा कागदावर 'अगं' एवढाच शब्द उरला होता.

माणसाचं सगळं बिघडलं की तो निदान एक काम तरी नीट करून टाकावं म्हणतो. इन्स्पेक्टरांच्या नजरेला पिशवीतलं ड्रिल मशीन पडलं. बाद झालेला भाग दीड दिवस न मोडता पडून होता, हीही एक चूकच होती. त्यांनी बाल्कनीतून वर्तमानपत्राचं पुडकं आणलं, डिस्क बाहेर काढली, टेबलाच्या कडेला दोन फळ्यांमध्ये आवळून बसवली आणि ड्रिलमध्ये जाडातलं टोक घातलं. भोक नेमकं मधोमध यावं म्हणून पट्टीने मोजून पेन्सिलीने फुली मारली. लाल गाठ मध्ये येत होती, ती हलकेच बाजूला केली. डोळ्यांवर चष्मा चढवला आणि बटण दाबलं.

ड्रिलच्या आवाजात दाराची किल्ली फिरल्याचं त्यांना ऐकू आलं नाही. आवाज एकदम बंद झाला तेव्हा त्यांनी वर पाहिलं. बायको बॅग खांद्याला तशीच ठेवून भिंतीपाशी उभी होती आणि तिच्या हातात ड्रिलचा प्लग होता.

"लवकरची गाडी मिळाली," ती म्हणाली. तिची नजर स्वेटरांवरून, टेबलावरून फिरत डिस्कवर आली आणि तिथेच राहिली. "अहो, काय करताय?"

"अगं," इन्स्पेक्टर म्हणाले. कागदावर होतं तेवढं बोलून झालं.

मग बाकीचं आपोआप आलं. ते उभ्या उभ्या सगळं बोलून गेले. पाटीची नक्कल, पुसलेली डिस्क, मेहुण्याचे कोपर. पुस्तक गेलं, ते म्हणाले. तू सांगितलं होतंस हात लावू नका. मी लावला. सहा वर्षं गेली तुझी. मग त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला.

बायकोने प्लग खाली ठेवला, पुढे येऊन फळ्या सैल केल्या आणि डिस्क उचलून छातीशी धरली. डिस्कवर पेन्सिलीची फुली होती आणि फुलीच्या मधोमध, टोक नुसतं टेकल्याने, मोहरीएवढा चमकदार ठिपका पडला होता. तिने तो ठिपका बोटाने पुसून बघितला.

"पुस्तक ह्याच्यात आहे," ती म्हणाली.

"त्याच्यात? ती तर बाद आहे. दुरुस्तीवाल्याने लाल बांधलंय."

"मी बांधलंय. कोणत्या डिस्कवर माझं काम आहे ते त्याच्याकडून दाखवून घेतलं आणि खूण म्हणून बांधलं. उद्या सकाळी त्याला बोलावून ही काढून घेणार होते आणि प्रकाशिकेच्या कॉम्प्युटरवर लावणार होते. म्हणून तर म्हटलं, सोमवारी मी बघते."

इन्स्पेक्टर खुर्चीवर बसले. खुर्चीवर ताईचा स्वेटर होता, तेही त्यांना कळलं नाही.

"तुम्ही काढूनच ठेवलीत," बायको डिस्क उलटसुलट करत म्हणाली. "ओरखडासुद्धा न पाडता. म्हणजे, हा एक सोडून. त्याला आता बोलवायला नको."

"पण लाल का बांधायचं?" इन्स्पेक्टर कळवळून म्हणाले. "लाल म्हणजे बाद."

"तुमच्या ऑफिसात. माझ्या टोपलीत लाल म्हणजे झालं. पहिल्या टाक्यापासून शेवटपर्यंत मोजून बघितलं, कुठे चूक नाही, आता हात लावायचा नाही. मगच गाठ मारते मी. चुकलेल्याला कशाला गाठ मारू? तो उसवते."

इन्स्पेक्टरांनी हळूच आपल्या स्वेटरचा काठ वर केला. आत दुमडलेली, अकरा हिवाळ्यांत धुऊन धुऊन गुलाबी पडलेली गाठ त्यांनी बाहेर काढली.

"म्हणजे हा..."

"तो तर तीनदा उसवलाय. खांदा बसत नव्हता तुमचा." मग तिला काहीतरी वेगळंच लक्षात आलं आणि तिने चष्मा कपाळावरून खाली घेतला. "तुम्हाला काय वाटलं होतं?"

"बाद माल."

"अकरा वर्षं?"

"ऊब होती त्याला," इन्स्पेक्टर म्हणाले.

बायकोने चष्मा परत कपाळावर सरकवला. ती स्वयंपाकघरात गेली, तिने गॅस पेटवला, चहा ठेवला, आणि आतून बराच वेळ भांड्यांचा आवाज आला नाही.

सोमवारी अकराला दहा मिनिटं असताना डिस्क प्रकाशिकेच्या टेबलावर पोचली आणि चोवीसच्या चोवीस नमुने उघडले. मधल्या ठिपक्याबद्दल प्रकाशिकेने विचारलं तेव्हा बायकोने सांगितलं की तो तपासणीचा शिक्का आहे. इन्स्पेक्टर तेव्हा घरीच होते. त्यांनी गॅस बघितला, एकदाच. कुंड्यांमधलं पाणी उपसलं. मग रणगाडा पुसायला घेतला, तेव्हा त्यांना वरच्या कडीला बांधलेली लाल लोकरीची ताजी गाठ दिसली. तिने सकाळी जाण्याआधी तो चालवून बघितला असणार.

दुपारी ते ताईचे स्वेटर परत करायला गेले. ताईने दार उघडलं, स्वेटर घेतले आणि सवयीने धाकट्या भावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अरे, दोरा लोंबतोय बघ तुझ्या स्वेटरचा," ती म्हणाली आणि तोडायला वाकली.

इन्स्पेक्टर एक पायरी मागे सरकले.

"हात लावू नकोस, ताई," ते म्हणाले. "ते सर्टिफिकेट आहे."